पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील विवाहनियोजन

पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील विवाहनियोजन म्हणजे पुणे जिल्ह्यातील पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी, निगडी, मोशी, आळंदी आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात लग्न ठरल्यापासून ते पार पडेपर्यंत केली जाणारी तयारी, तिच्याशी निगडित प्रथा आणि कायदेशीर बाबी होत. पूर्वी ही तयारी सर्वस्वी वडीलधाऱ्यांकडे असे. नोकरी करणाऱ्या तरुण-तरुणींची संख्या वाढल्यावर तारीख, ठिकाण, खर्च आणि विधी यांचा निर्णय वधू व वर मिळून घेऊ लागले. तथापि हा बदल सर्व कुटुंबांत सारखा झालेला नाही. एकाच मंगल कार्यालयात सकाळी वधूवरांनी स्वतः आखलेला छोटा समारंभ आणि संध्याकाळी दोन्ही घरांच्या भावकीने आखलेले हजारो माणसांचे लग्न असे चित्र येथे दिसते.

पार्श्वभूमी

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर पिंपरी-चिंचवड व भोसरी येथे मोठ्या प्रमाणावर भूसंपादन होऊन वाहन व अभियांत्रिकी उद्योग आले. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे पुणे-नाशिक महामार्गावरील चाकण हे मुळात कांद्याच्या बाजारासाठी व संग्रामदुर्गासाठी ओळखले जाणारे गाव वाहन उद्योगाचे केंद्र बनले.

या घडामोडींमुळे परिसरात दोन प्रकारचा समाज शेजारी शेजारी नांदतो. एक मूळ गावकऱ्यांचा. त्यांच्या जमिनी संपादनात किंवा विक्रीत गेल्या, पण गावकी, भावकी आणि ग्रामदैवताचा उत्सव यांचे बंध टिकून राहिले. दुसरा मराठवाडा, खानदेश, विदर्भ, पश्चिम महाराष्ट्र तसेच परराज्यांतून नोकरीसाठी आलेल्यांचा. पहिल्या गटात लग्न हे गावातील प्रतिष्ठेचे प्रदर्शन ठरण्याची शक्यता अधिक. दुसऱ्या गटात बहुधा मूळ गावी लग्न आणि शहरात स्वागत समारंभ, किंवा याच्या उलट, अशी विभागणी होते. दोन्ही गटांतील वधूवरांपुढील अडचणी त्यामुळे वेगळ्या आहेत. एकाला पाहुण्यांची यादी लहान कशी करावी हा प्रश्न पडतो, तर दुसऱ्याला चारशे किलोमीटरवरच्या नातेवाइकांना कारखान्याच्या सुट्टीत कसे आणावे हा.

तारीख ठरविणे

परंपरेप्रमाणे लग्नाची तिथी पंचांगावरून काढतात. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात सामान्यतः मुहूर्त धरीत नाहीत. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीची लग्ने लागतात आणि त्यानंतर लग्नसराई सुरू होते. अधिक मासही वर्ज्य मानतात. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून या काळात अधिक ज्येष्ठ आल्याने शाळांच्या उन्हाळी सुट्टीतील नेहमीच्या तारखांपैकी बऱ्याच तारखा पंचांग पाळणाऱ्यांसाठी बाद ठरतात व उरलेल्या दिवसांसाठी कार्यालयांची मागणी वाढते.

पंचांगाखेरीज येथे कारखान्याचे वेळापत्रकही पाहावे लागते. परिसरातील बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते. संगणक क्षेत्रातील नोकरदारांची सुट्टी मात्र शनिवार-रविवारी. वर पाळीत काम करणारा आणि वधू हिंजवडीतील कंपनीत, असे असल्यास दोघांच्या सहकाऱ्यांना सोयीचा एकच दिवस सापडणे कठीण होते. कायम कामगाराला रजा साठवून ठेवता येते. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत मात्र रजेचा दिवस बहुधा बिनपगारी असतो. म्हणून हळद आणि लग्न एकाच दिवशी उरकण्याकडे कल दिसतो. तारीख ठरविण्याच्या बैठकीला वधूवर स्वतः हजर असतील, तर या गोष्टी वेळीच पुढे येतात. अन्यथा कार्यालयाची अनामत भरल्यावर रजा नामंजूर झाल्याचे कळते.

स्थानिक वारी-उत्सवांचाही विचार करावा लागतो. ज्येष्ठ वद्य पक्षात देहू व आळंदी येथून पालख्या निघतात तेव्हा आळंदी, दिघी, देहू, निगडी, आकुर्डी या भागातील वाहतूक बदलते. कार्तिक वद्य पक्षात आळंदीत संत ज्ञानेश्वरांच्या समाधी सोहळ्यासाठी लाखो वारकरी जमतात, आणि नेमका हाच लग्नसराईच्या आरंभाचा काळ असतो. पुणे-नाशिक महामार्गावर चाकणजवळ होणारी कोंडी तर बारमाही आहे. मुहूर्त टळण्यामागे वराती इतकेच हे रस्तेही कारण असतात.

याद्या, बस्ता आणि केळवण

लग्न ठरल्यावर दोन्ही घरची मंडळी बसून 'याद्या' करतात. कार्यालय, जेवण, कपडे, दागिने, मानपान यांचा खर्च कोणी किती उचलायचा हे तीत लिहिले जाते. ही प्रथा मुळात उपयुक्त आहे, कारण पुढील वाद लेखी यादीने टळू शकतात. पण याच बैठकीत हुंड्याची मागणी 'हौस', 'मुलीला काय द्यायचे ते द्या' अशा शब्दांच्या आडून येते. वधूवर शांतपणे बाजूला बसलेले आणि व्यवहार इतरांनी केलेला, अशी या बैठकीची जुनी पद्धत होती. अलीकडे अनेक जोडपी बैठकीपूर्वीच आपसांत एकूण खर्चाची मर्यादा ठरवितात आणि दोघांच्या बचतीतून निम्मानिम्मा वाटा उचलण्याचे घरी सांगतात. खर्च समान वाटून घेतला की मुलीकडच्यांनी खाली मान घालून बसण्याचे कारण उरत नाही. या बैठकीचा सूर त्यामुळे जितका बदलतो तितका दुसऱ्या कशाने क्वचितच बदलत असेल.

बस्ता म्हणजे लग्नाच्या कपड्यांची एकत्रित खरेदी. पूर्वी ती दोन्हीकडचे वडीलधारे करीत. आता वधूवर एकमेकांच्या पसंतीने करतात. लग्नापूर्वी नातेवाईक वधूला किंवा वराला जेवायला बोलावतात त्यास केळवण म्हणतात. नोकरीमुळे वेळ नसल्याने शहरात मित्रमंडळी दोघांचे एकत्र केळवण करतात. पूर्वी साखरपुड्यानंतर वधूवरांच्या भेटीगाठींना मर्यादा असे. एकत्र केळवण ही त्यामुळे दोघांना एकमेकांच्या नातेवाइकांची ओळख करून घेण्याची सहज संधी ठरते.

पैशाची तजवीज कामगारांच्या सहकारी पतसंस्थेचे कर्ज, भिशी, सोनेतारण किंवा भविष्य निर्वाह निधीतील आगाऊ रक्कम यांतून केली जाते. निधीतून स्वतःच्या, भावंडाच्या किंवा अपत्याच्या लग्नासाठी रक्कम काढता येते. ती सोय असली तरी निवृत्तीच्या पुंजीतून एका दिवसाचे जेवण घालण्यासारखेच ते आहे, आणि बऱ्याच घरांत मुलांच्या लग्नाचा हप्ता मुलांना कळतही नाही.

ठिकाण

मोशी, वाकड, ताथवडे, रावेत या भागांत आणि आळंदी रस्त्यालगत मंगल कार्यालये व लॉन्स मोठ्या संख्येने आहेत. कार्यालय ठरविताना भाड्यात काय समाविष्ट आहे हे लेखी घेतले जाते: किती तास, किती खोल्या, जनरेटर, पाणी, सजावट बाहेरच्या व्यावसायिकाकडून करता येईल की नाही, ताटांची किमान संख्या आणि लग्न पुढे ढकलल्यास अनामतीचे काय. शेवटचा मुद्दा २०२० व २०२१ मध्ये सर्वांना शिकायला मिळाला. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात लग्न एकाच सभागृहात, दोन तासांच्या आत व पंचवीस माणसांत उरकण्याचे बंधन आले आणि उल्लंघनास पन्नास हजार रुपये दंड ठेवण्यात आला. या काळात अनेकांनी नाइलाजाने छोटी लग्ने केली. त्यांतील काहींना पुढे जाणवले, की आलेल्या प्रत्येक माणसाशी बोलता आले असे आपल्या घरातले ते एकमेव लग्न.

आळंदी

इंद्रायणीकाठची आळंदी हे संत ज्ञानेश्वरांच्या समाधीमुळे वारकऱ्यांचे तीर्थक्षेत्र आहे आणि त्याचबरोबर महाराष्ट्रातील लग्नांचे एक मोठे ठिकाणही. धर्मशाळा व मंगल कार्यालये यांची दाटी असल्याने येथे कमी खर्चात, थोड्या वेळात लग्न लावता येते. सभागृह, पुरोहित, हार, अक्षता, छायाचित्रे आणि नोंदणीची कागदपत्रे असे सर्व एका ठरावीक रकमेत देणारी कार्यालये आहेत. साधेपणाने लग्न करू इच्छिणारी कुटुंबे येथे येतात, तसेच घरच्यांचा विरोध असलेली, आंतरजातीय विवाह करणारी जोडपीही येतात. मराठी बोलण्यात 'आळंदीला जाऊन लग्न केले' याचा अर्थ पुष्कळदा 'घरच्यांना न सांगता केले' असाच घेतला जातो. तो सरसकट खरा नाही.

ज्यांना सर्व नियोजन स्वतःलाच करावे लागते अशा या जोडप्यांसाठी काही गोष्टी निर्णायक असतात. वधूचे वय १८ व वराचे २१ वर्षे पूर्ण असल्याचा पुरावा (शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्म दाखला) लागतो. वय कमी असल्यास लग्न लावणारा पुरोहित आणि आयोजन करणाऱ्या व्यक्ती बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ नुसार दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंडास पात्र ठरतात. सज्ञान जोडप्याला कुटुंबाकडून धोका असल्यास पोलीस संरक्षण मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये 'शक्ती वाहिनी' प्रकरणात प्रत्येक जिल्ह्यात यासाठी विशेष कक्ष नेमण्याचे व सुरक्षित निवाऱ्याची सोय करण्याचे निर्देश दिले. परिसराचा बराचसा भाग १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या अखत्यारीत येतो.

कायदेशीर बाजू

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम ७ प्रमाणे विवाह दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढ विधींनुसार लागतो. सप्तपदी हा त्या विधींचा भाग असेल, तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की आवश्यक विधी झालेच नसतील तर केवळ नोंदणीच्या दाखल्याने या कायद्याखाली विवाह सिद्ध होत नाही. व्हिसासाठी किंवा घराच्या कर्जासाठी आधी दाखला काढून समारंभ सवडीने करू पाहणाऱ्या नोकरदार जोडप्यांच्या दृष्टीने हा निकाल महत्त्वाचा आहे. त्यांच्यासाठी सरळ मार्ग विशेष विवाह अधिनियम, १९५४ चा आहे.

या कायद्याखाली दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहत असावा लागतो. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस दिल्यानंतर तीस दिवस हरकतीसाठी जातात. नोटिशीपासून तीन महिन्यांत विवाह न झाल्यास नवी नोटीस द्यावी लागते. तीन साक्षीदार लागतात. फारसे माहीत नसलेली तरतूद अशी, की जादा शुल्क भरून अधिकाऱ्याला वाजवी अंतरावरील अन्य ठिकाणी बोलावता येते आणि विवाहाचे स्वरूप जोडप्याला निवडता येते. एकमेकांचा पती-पत्नी म्हणून स्वीकार करीत असल्याचे वाक्य दोघांनी समजत असलेल्या भाषेत अधिकारी व साक्षीदारांसमोर म्हणणे एवढे अनिवार्य आहे. कार्यालयातील रांगेऐवजी आप्तांसमोर नोंदणी विवाह करता येतो तो याच तरतुदीमुळे.

विधिपूर्वक झालेल्या विवाहाची नोंदणी महाराष्ट्रात १९९८ च्या अधिनियमानुसार नव्वद दिवसांत करावयाची असते. शहरात ती महानगरपालिकेच्या व ग्रामीण भागात ग्रामपंचायतीच्या निबंधकाकडे होते. पती, पत्नी, तीन साक्षीदार आणि पुरोहित यांच्या सह्या लागतात. लग्नाच्या दिवशीच, सर्व साक्षीदार हजर असताना सह्या घेतल्यास नंतरची धावपळ वाचते.

हुंडा प्रतिबंधक अधिनियम, १९६१ खाली हुंडा देणे व घेणे दोन्ही गुन्हे आहेत व त्यास किमान पाच वर्षे कारावास आहे. स्वेच्छेच्या भेटवस्तूंना मुभा आहे, पण त्या रूढ स्वरूपाच्या व देणाऱ्याच्या ऐपतीपेक्षा अवाजवी नसाव्यात आणि त्यांची यादी ठेवावी अशी अट आहे. १९८५ च्या नियमांनुसार वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने व वराला मिळालेल्यांची वराने ठेवावयाची असते. तीत वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते नोंदवून दोघांनी सही करावयाची असते. आहेराच्या वहीत पाचशे रुपयांची नोंद काटेकोर होते, मात्र मोटारीची व दागिन्यांची यादी कोणी करीत नाही. पुढे वाद झाल्यास याच यादीची सर्वाधिक गरज पडते.

मे २०२५ मध्ये मुळशी तालुक्यातील भुकूम येथे एका तरुण विवाहितेचा मृत्यू झाला आणि हुंड्यासाठी छळ केल्याच्या आरोपावरून पती व सासरच्या व्यक्तींना अटक झाली. लग्नात महागडी मोटार व मोठ्या प्रमाणावर सोने दिले गेल्याचे समोर आल्याने राज्यभर चर्चा झाली. त्यानंतर पुणे, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांत मराठा समाजाच्या बैठकांतून पाहुण्यांची संख्या, डीजे, प्री-वेडिंग चित्रीकरण व देण्याघेण्यावर मर्यादा घालणाऱ्या आचारसंहिता मांडण्यात आल्या. त्यांचे पालन ऐच्छिक आहे. साधेपणाचा निर्णय बैठकीत घेणे सोपे. आपल्याच घरातील लग्नात तो अमलात आणताना वधूवरांचा आग्रहच बहुधा उपयोगी पडतो.

विधींची निवड

विवाहात वधूवरांनीच एकमेकांशी बोलावे ही कल्पना महाराष्ट्रात नवी नाही. सत्यशोधक समाजाच्या पद्धतीने पुरोहिताशिवाय पहिला विवाह २५ डिसेंबर १८७३ रोजी सावित्रीबाई फुले यांच्या पुढाकाराने पुण्यात झाला. महात्मा फुले यांनी १८८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पूजाविधीच्या पुस्तिकेत मंगलाष्टके वधू आणि वर यांच्या संवादरूपात आहेत आणि त्यांत वधू स्त्रियांच्या हक्कांविषयी वचन मागते. चाकणहून नाशिक रस्त्याने उत्तरेस गेल्यावर लागणाऱ्या जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे अशा पुरोहिताविना लावलेल्या लग्नांवरून १८८० च्या दशकात न्यायालयीन वादही झाला. आज नोंदणीसह सत्यशोधक पद्धतीचे विवाह जिल्ह्यात होतात.

वैदिक विधी ठेवून त्यांचा अर्थ मराठीत सांगण्याची पद्धत पुण्यातील ज्ञान प्रबोधिनीने रुजविली. तिच्या पोथीप्रमाणे स्त्री पुरोहितही विवाह लावतात. काही जोडपी कन्यादानाचा विधी वगळतात, काही सप्तपदीतील वचने दोघांनी म्हणावीत असा आग्रह धरतात. यासाठी पुरोहिताशी आधी बोलणे आवश्यक असते. बोहल्यावर उभे राहून सुरू केलेली चर्चा कोणाच्याच सोयीची नसते.

लग्नाचा दिवस

परिसरातील मोठ्या लग्नांत मंगलाष्टकांपूर्वी पुढाऱ्यांचे सत्कार व शुभेच्छांची भाषणे होतात. मुहूर्त टळतो, लहान मुले भुकेने रडतात आणि अंतरपाटामागे वधूवर ताटकळतात. निमंत्रितांमध्ये दुखावण्याजोगे कोणी राहू नये म्हणून ही प्रथा चालते. काही कुटुंबे आता सत्कार स्वागत समारंभात ठेवतात व पत्रिकेतच 'मुहूर्तावर लग्न लागेल' असे छापतात.

वधूवरांच्या थकव्याचे मुख्य कारण विधी नसून त्यांनंतरची रांग असते. अक्षता पडल्यावर दोन-तीन तास मंचावर उभे राहून प्रत्येक गटाबरोबर छायाचित्र काढावे लागते. यावर प्रचलित उपाय साधे आहेत. घरच्या मंडळींची छायाचित्रे विधींपूर्वी काढून घेणे, भेटीची वेळ मर्यादित ठेवणे, आणि पैसे चुकते करणे, हार मोजणे, पाहुण्यांची ने-आण यांसाठी मामेभाऊ-आतेबहिणींपैकी एकेकाला नेमून वधूवरांचे मोबाइल त्यांच्याकडे देणे. उपवास पाळायचा असल्यास दूध व फळे कधी घ्यायची हेही ठरवून ठेवले जाते. पूर्वी हे करवली पाहत असे.

गर्दीतही काही क्षण केवळ दोघांचे राहतात. अंतरपाट दूर होताना झालेली पहिली नजरभेट, लाजाहोमात वधूच्या भावाने ओंजळीत घातलेल्या लाह्या, कानपिळीचा गोंधळ, नाव घेताना अडलेला उखाणा, तांदळाच्या किंवा हळदीच्या पाण्यातून अंगठी शोधण्याचा खेळ. पंगतीत शेजारी बसून एकमेकांना घास भरविण्याची वेळ ही बहुधा दिवसभरातील पहिली बसण्याची वेळ असते. जे जोडपे ही पंगत शेवटच्या पाहुण्यानंतर न ठेवता मध्येच, घरच्यांबरोबर ठेवते त्याला गरम जेवण मिळते.

वरात आणि संध्याकाळचे संगीत यांना ध्वनिप्रदूषण नियम, २००० लागू आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही. त्यामुळे लॉनवरील स्वागत समारंभ दहाच्या आत संपविण्याची अट कार्यालये करारातच घालतात.

लग्नानंतर जागरण-गोंधळ किंवा सत्यनारायण आणि कुलदैवताचे दर्शन होते. पश्चिम महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे जेजुरीस जातात आणि पायऱ्यांवर वराने वधूला उचलून घेण्याची तेथे प्रथा आहे. चिंचवडच्या मोरया गोसावी मंदिरातही नवदाम्पत्ये दर्शनास येतात. पाळीत काम करणाऱ्या जोडप्यांची रजा बहुधा इथवरच पुरते. म्हणून काही जण गावचे कार्यक्रम पुढील सुट्टीपर्यंत लांबवून एक-दोन दिवस स्वतःसाठी राखतात आणि तसे घरच्यांना तारीख ठरवितानाच सांगून ठेवतात.